मातीतलं नाणं कुणाचं?

मुंबई-पुण्याकडून रेल्वेनं बेंगळुरूला जाणारे बरेच प्रवासी यशवंतपूरला उतरतात आणि सामान सावरत रिक्षा शोधू लागतात. १८९१ मध्ये याच परिसरात रेल्वेच्या कामासाठी माती उकरताना चांदीची १६३ नाणी निघाली होती. त्यांवर ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या रोमन सम्राटांचे चेहरे होते. पुढे १९६५ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएएलच्या विमानतळाच्या परिसरात, आणखी २५६ रोमन नाणी सापडली. केंपेगौडानं सोळाव्या शतकात पेठ वसवली तिथून बेंगळुरूचा इतिहास सुरू करायची आपल्याला सवय आहे. या दोन साठ्यांनी तो एका झटक्यात दीड हजार वर्षं मागं नेला.

ही नाणी इथवर कशी आली, याचं उत्तर मिऱ्यात आहे. केरळच्या किनाऱ्यावरून मिरी, मोती, तलम कापड रोमन जहाजांत भरलं जाई आणि बदल्यात चांदी-सोनं उतरे. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात करून ठेवली आहे. आपल्याकडं ती नाणी बहुधा धातूच्या भावानंच फिरत असावीत. १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई संस्थानात सापडलेल्या ५०१ रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. ‘नाणं म्हणून नको, सोनं म्हणून घ्या’ असा त्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

यशवंतपुरात कुणी नाणी शोधायला गेलं नव्हतं. आता मात्र मुद्दाम शोधायला निघणारे आहेत. मेटल डिटेक्टर ऑनलाइन मिळतो, तो कसा फिरवायचा याचे व्हिडिओ कन्नड, तेलुगू, हिंदी, मराठी सगळ्या भाषांत आहेत, आणि बेंगळुरूच्या तास-दीड तासाच्या परिघात पडके किल्ले, ओसाड गावठाणं, जुने वाडे भरपूर. रविवारी सकाळी गाडीच्या डिकीत यंत्र टाकून निघालेल्या हौशी माणसाला आपण काही गैर करतोय असं वाटतही नाही. गावातला वाडा काकांचा, शेत मामांचं, मग अडवणारं कोण? हौस, इतिहास, कायदा आणि लोभ एकमेकांत अडकतात ते नेमके इथं.

यंत्राबद्दल आधी थोडं. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल विजेचं एक उपकरण घेऊन गेला. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या पोलादी तारांनी उपकरणाचा गोंधळ केला, असं नंतर सांगितलं गेलं. सव्वाशेहून अधिक वर्षं उलटली तरी डिटेक्टरवाल्याची डोकेदुखी तीच आहे: हवं ते लहान, नको ते सगळीकडं. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं हातात धरून फिरवता येईल असा सुरुंगशोधक बनवला आणि एल अलामेनच्या वाळवंटात तो कामी आला. आजची हौशी यंत्रं त्याच घराण्यातली.

दांड्याच्या टोकाला थाळीएवढी कॉइल असते. तिच्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, वाटेत धातू आला तर त्यात बारीक वीजप्रवाह फिरू लागतात, त्यांचा प्रतिसाद कॉइल टिपते आणि हेडफोनमध्ये सूर वाजतो. लोखंडी खिळ्याचा सूर वेगळा, तांब्याच्या पैशाचा वेगळा. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, रुपयाएवढं एकटं नाणं साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच हाती लागतं. नाण्यांनी भरलेला हंडा त्याहून खोल कळतो. त्यात बेंगळुरूची लाल माती. तिच्यात लोहाचे अंश इतके की साधं यंत्र नुसत्या जमिनीलाच ओरडत सुटतं. सह्याद्रीतल्या काळ्या कातळाचीही तीच गत, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. आणि या मुलखाचं सर्वांत प्रसिद्ध सोन्याचं नाणं कोणतं? म्हैसूरच्या कंठीरव नरसराज वोडेयरांनी सतराव्या शतकात पाडलेला कंठीरायी हण. वजन ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा, आकार हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो बोटांतून निसटला तर उजेडातही सापडायचा नाही. लाल मातीत वीतभर खाली स्वस्तातल्या यंत्राला तो ऐकू येईल ही आशा सोडावी. हौशी माणसाच्या पिशवीत दिवसअखेर जमतात ते बाटल्यांची बुचं, बैलांच्या नालाचे तुकडे, खिळे, कधीतरी एखादा जॉर्ज राजाचा पाव आणा.

तरीही लोक शोधतात, कारण या भागात नाणी पडली असणार हे इतिहासच सांगतो. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेनं बेंगळूर घेतलं आणि ते जहागीर म्हणून शहाजीराजांकडं आलं. त्यांच्यामागं व्यंकोजी. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला व्यंकोजींनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख आजही तिथं आहे. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानानं शहर ताब्यात घेतलं आणि तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडं गेलं. मग हैदर, टिपू, पेशवे, इंग्रज. थोरल्या माधवरावांच्या कर्नाटक स्वारीत, १७७० मध्ये, मराठी फौजेनं निजगलच्या डोंगरी किल्ल्याला वेढा घातला. चित्रदुर्गच्या नायकाचं सैन्य मदतीला होतं. निजगल बेंगळूर-तुमकूर रस्त्यावर दाबसपेटजवळ. १७९१-९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवर इंग्रजांच्या जोडीनं चालून आले तेही याच मुलखात.

मराठी लष्कर म्हणजे चालतं-फिरतं गाव. शिपायांइतकेच बुणगे, आणि त्यांच्यामागं बाजार: वाणी, सराफ, भडभुंजे. सराफाच्या गोणपाटावर होन, पुतळ्या, हण, चांदीचे रुपये आणि तांब्याचे पैसे एकाच ढिगात येत. इंग्रज लेफ्टनंट एडवर्ड मूर टिपूवरच्या या मोहिमेत मराठ्यांसोबत होता. १७९४ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात या छावण्यांची वर्णनं आहेत. टिपूच्या हत्तीछाप पैशांवर मद्रासच्या हेंडरसननं १९२१ मध्ये पुस्तक लिहिलं. पण कोणत्या तळावर कोणता पैसा चालत होता, पेशव्यांच्या छावणीत टिपूचे पैसे किती आणि शिवराया किती, हे कागदांत पुरेसं नाही. ते कळलं तर मातीतूनच कळेल. अट एकच: नाणं निघालं ती जागा, ती खोली आणि शेजारी काय होतं हे कुणीतरी टिपून ठेवायला हवं.

या अटीची किंमत काय, हे नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीनं दाखवलं. १९०६ मध्ये तिथं चांदीच्या १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप पुन्हा ठोकला होता. नाशिकच्या लेण्यातल्या आईच्या लेखात गौतमीपुत्राच्या पराक्रमाची थोरवी होतीच, पण लेखात थोरवी असायचीच. नहपानाचा खजिनाच हाती आल्याशिवाय त्याची नाणी हजारोंनी पुन्हा ठोकता येत नाहीत, आणि हे दिसलं ते साठा एकत्र मोजला गेला म्हणून. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून सराफकट्ट्यावर गेली असती तर प्रत्येक नाणं खरं राहिलं असतं आणि पुरावा मात्र संपला असता. चित्रदुर्गजवळच्या चंद्रवळ्ळीतही रोमन चांदीची नाणी आणि सातवाहनांची नाणी एकाच वस्तीत निघाली. मॉर्टिमर व्हीलरनं १९४७ मध्ये ब्रह्मगिरी आणि चंद्रवळ्ळी खणताना दक्षिणेतल्या खापरांना काळ लावला त्यात या नाण्यांचा मोठा हात होता. खापराला तारीख नसते. नाणं शेजारी असलं की ती मिळते.

गुप्तधनाच्या नादाला या कशाशीच देणंघेणं नाही. आपल्याकडं पायाळू माणसाच्या डोळ्यांत काजळ घातलं की जमिनीतला हंडा दिसतो, हंड्यावर नाग असतो, तो बळी मागतो. कर्नाटकातल्या निधीच्या गोष्टी यापेक्षा फार वेगळ्या नाहीत. ही करमणूक नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका-मुलींचे खून झाले त्यामागं गुप्तधनाची आणि संततीची हाव होती. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे, आणि कर्नाटकाच्या २०१७ च्या तशाच कायद्यातही.

जुलै २०१९ मध्ये हंपीजवळ आनेगुंदीच्या नवबृंदावन बेटावर व्यासराजतीर्थांचं बृंदावन रातोरात फोडलं गेलं. विजयनगरच्या राजांचे गुरू मानले गेलेल्या या सत्पुरुषाच्या समाधीखाली खजिना असेल, एवढ्या तर्कावर टोळीनं तुंगभद्रेतलं बेट गाठलं होतं. माणसं पकडली गेली, भक्तांनी दगड जुळवून बृंदावन लगेच पुन्हा उभं केलं. गावोगावच्या वीरगळांच्या, पडक्या देवळांतल्या नंदींच्या वाट्याला मात्र असे भक्त येत नाहीत. शिलालेखाच्या खाली धन असतं हा समज इतका पक्का की दानपत्राचा दगडच उलथून टाकतात. वाचता आला असता तर त्यावर देवळाला दिलेल्या शेताच्या चतुःसीमा निघाल्या असत्या.

सरकारही या मोहातून सुटलेलं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, डौंडिया खेडा इथं, एका साधूला स्वप्नात हजार टन सोनं दिसलं म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची कुदळ पडली. भूगर्भ सर्वेक्षणाच्या यंत्रांनाही खाली काहीतरी वेगळं जाणवलं होतं. महिनाभरात खापरं, बांगड्यांचे तुकडे, चुलीचे अवशेष मिळाले आणि काम थांबलं. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं तेवढंही वाईट नव्हतं, पण चॅनेलवाल्यांच्या गाड्या खापरांसाठी आल्या नव्हत्या.

मोहावर पोट भरणाऱ्यांची एक वेगळीच बाजारपेठ आहे. तांदूळ ओढून घेणारं ‘राइस पुलर’ तांब्याचं भांडं, पाया खणताना सापडलेली म्हणून पितळेची नाणी, मैलभर अंतरावरून सोनं दाखवणारी काठी. या शेवटच्या प्रकाराची जगभरातली नामुष्की म्हणजे एडीई ६५१ हे बनावट बॉम्बशोधक. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या गमतीच्या खेळण्यावरून ते बेतलेलं होतं, इराकच्या नाक्यांवर ते खरं समजून वापरलं गेलं, आणि ते विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आत वीजमंडल नाही, कॉइल नाही. हातातली दांडी हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीनं वळते. गुप्तधनाच्या बाजारात असली दांडी अजून विकली जाते.

मग प्रामाणिक माणसाला नाणं सापडलं तर त्यानं काय करायचं? कायदा जुना आहे आणि वाटतो त्यापेक्षा उदार आहे. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम म्हणतो की दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा. नोटीस निघते, हक्क सांगणाऱ्यांना काही महिन्यांची मुदत मिळते. कुणी शंभर वर्षांच्या आत पुरून ठेवल्याचं सिद्ध झालं नाही तर धन बेवारस ठरतं, आणि वेगळा करार नसेल तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. लपवलं तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होते. कर्नाटकाचा यासाठी स्वतंत्र कायदा १९६२ पासून आहे, आणि तिथं गाठायचं ते डेप्युटी कमिशनरचं कार्यालय. १८७८ साली मेटल डिटेक्टर नावाची वस्तूच नव्हती, त्यामुळं हा कायदा योगायोगानं सापडलेल्या धनाचा आहे, मुद्दाम शोधण्याचा नाही.

शोधण्याची बाजू दुसरे कायदे बघतात. १९५८ च्या कायद्यानं राष्ट्रीय संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतीचे १०० मीटर बांधकामाला बंद आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. संरक्षित नसलेल्या जागीही पुरातत्त्वीय उत्खननासाठी खुद्द राज्य सरकारला केंद्राची पूर्वमान्यता लागते. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू, ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे पडक्या किल्ल्यावर यंत्राला सूर मिळाला आणि खुरपं काढलं, की हौशी माणूस बऱ्याचदा न कळत गुन्ह्याच्या हद्दीत जातो.

खरी मेख मात्र १८७८ च्या कायद्यातल्या सोळाव्या कलमात आहे. साठा सरकारला हवा असेल तर सरकार धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन तो घेऊ शकतं. सोन्याच्या मोहरेला हे ठीक. पण नहपानाच्या नाण्यात चांदी जेमतेम दोन ग्रॅम, आणि शिवराईत तांबं किती ते विचारूच नका. संग्राहक ज्या नाण्याला धातूच्या कितीतरी पट मोजतो ते सरकारदरबारी मोडीच्या भावात तोललं जाणार, हे ज्याला ठाऊक आहे तो कार्यालयाची पायरी कशाला चढेल? ज्याला ठाऊक नाही त्याला पोलिसांची भीती. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मजुरांकडून अठराव्या शतकातल्या मोगल काळातल्या २१६ सुवर्णमोहरा ताब्यात घेतल्या, वजन २,३५७ ग्रॅम. चिखलीतल्या बांधकामाच्या खोदकामात त्या मिळाल्या होत्या आणि घरात लपवल्या होत्या. कळवलं असतं तर कायद्यानं वाट्याची शक्यता होती, हे त्यांना सांगणारं कोण होतं?

बेंगळुरूच्या बाबतीत हा प्रश्न आणखी मोठा, कारण तिथं माती उलथण्याचा वेग कुठल्याही डिटेक्टरवाल्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तळी बुजवून लेआउट पडतात, तळघरांसाठी दोन-तीन मजले खाली खोदाई होते. २०१२ मध्ये मेट्रोच्या कामात जुन्या किल्ल्याच्या परिसरात टिपूच्या काळातली लोखंडी तोफ निघाली. तोफ जेसीबीच्या चालकालाही दिसते, नाणं दिसत नाही. ते डंपरमधून भरावाला जातं. म्हणून सगळा रोष डिटेक्टरवर काढणं या लेखकाला पटत नाही. हौशी माणूस पाच नाणी उचलून त्यांचा पुरावा मोडतो. बुलडोझर साठाच्या साठा नाहीसा करतो आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही.

ब्रिटननं यावर वेगळी तोड काढली. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. मित्र डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेला आणि त्याला सोन्या-चांदीचा रोमन साठा लागला: १४ हजारांवर नाणी, शिवाय दागिने आणि चमचे. त्यानं थोडं खणून हात आवरला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी साठा थरासकट उचलला, त्यामुळं पेटी कशी भरली होती हेसुद्धा कळलं. बक्षीस साडेसतरा लाख पौंड. हातोडीही सापडली आणि ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. तिथं १९९६ चा खजिना कायदा बाजारभावानं मोबदला देतो आणि १९९७ पासून हौशी लोकांच्या सापडी नोंदवणारी यंत्रणा आहे. नोंदी दहा लाखांच्या पुढं गेल्या.

तिकडं सगळे साधू आहेत असं मुळीच नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला साठा गुपचूप विकायला काढला. त्यात सुमारे ३०० नाणी असावीत, मिळाली ३१. त्या एकतीसांतही वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ शेजारी शेजारी बसलेले दिसले आणि दोघांच्या संबंधांबद्दलची जुनी समजूत हलली. उरलेल्यांत काय होतं ते गेलंच. दोघांना २०१९ मध्ये दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

ती पद्धत उचलून इथं रोवता येणार नाही. इथं जमिनीत थर जास्त, पुरातत्त्व खात्यात माणसं कमी, आणि शेताच्या बांधावरचा दगडसुद्धा देव असतो. पण एक गोष्ट उसनी घेण्यासारखी आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये आग लागून गवत जळालं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच रांगेत उभं केलं. जिथं सूर वाजेल तिथं झेंडी लावायची, खणायचं नाही; जागा मोजून झाल्यावरच वस्तू उचलायची. काडतुसांवरच्या खुणांवरून कोणती बंदूक कुठून कुठं सरकली हे काढता आलं. निजगलचा पायथा ही अशा कामाला हवी तशी जागा आहे: वेढ्याचं साल माहीत, दोन्ही बाजू माहीत, आणि त्यांची नाणी ओळखू येणारी.

कर्नाटकात धातूच्या सापडीनं इतिहास कसा हलतो याचं अलीकडचं उदाहरण शिवमोग्गा जिल्ह्यातलं. होसनगर तालुक्यात, जुन्या बिदनूरच्या परिसरात, एका विहिरीच्या मातीला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. तिथून २००२ मध्ये टिपूच्या लोखंडी अग्निबाणांची शंभरावर नळकांडी मिळाली होती. २०१८ मध्ये राज्य पुरातत्त्व खात्यानं विहीर पद्धतशीर उपसली तेव्हा हजारावर निघाली. भंगाराच्या भावात किलोवर जाणारं लोखंड म्हैसूरच्या अग्निबाणांचा जगातला सर्वांत मोठा साठा ठरलं, कारण वेळीच खात्यापर्यंत बातमी पोचली.

आणि हौशी लोकांना कामाला कसं लावावं हे बेंगळुरूनं स्वतःच दाखवलंय, फक्त नाण्यांच्या नाही, दगडांच्या बाबतीत. बी. एल. राइसनं १९०५ मध्ये बेंगळूर जिल्ह्यातले शिलालेख छापले. शंभर वर्षांनी त्यातले किती उरलेत हे शोधायला उदयकुमार पी. एल. आणि त्यांचे स्वयंसेवक निघाले. २०१८ मध्ये हेब्बाळला कित्तय्याचा वीरगळ उजेडात आला, इसवी सन ७५० च्या सुमाराचा, रस्त्याच्या खोदकामात जाता जाता वाचलेला. आता मिथिक सोसायटीच्या प्रकल्पात या दगडांचं थ्रीडी स्कॅनिंग होतं आणि अक्षरन् अक्षर नोंदलं जातं. कुणी दगड घरी नेत नाही. नाण्यांचं निदान ठिकाण, वजन आणि छायाचित्र नोंदवण्याची अशीच सोय तालुक्याच्या ठिकाणी झाली, आणि धातूच्या किमतीऐवजी बाजारभावाच्या जवळ जाणारा मोबदला मिळू लागला, तर विहीर खणणारा मजूर आणि रविवारचा डिटेक्टरवाला दोघेही तिथं येतील. न येणारे मग खुशाल पोलिसांनी बघावेत. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणेसंशोधन संस्था आहे, वाचणाऱ्यांची वानवा नाही. घाई मात्र आहे. दाबसपेटला औद्योगिक वसाहत उभी राहिलीय, गोदामांसाठी सपाटीकरण चालूच असतं, आणि निजगलकडं जाणाऱ्या महामार्गाच्या कडेची जमीन एकरावर नाही, चौरस फुटावर विकली जाते.